मैदानावरची पहिली पाच मिनिटं



१२ जून २०२१, कोपनहेगन. युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला हाफ संपत आलाय आणि २९ वर्षांचा ख्रिस्तियन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता कोसळतो. हृदय बंद पडलेलं असतं.

आपण म्हणतो, ‘इतका फिट माणूस, त्याला कसं काय?’ पण दम चांगला असणं वेगळं, हृदय निर्दोष असणं वेगळं. काही तरुण खेळाडूंत हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेनं जाड असतो, काहींत ठोक्यांची लय सांभाळणाऱ्या विजेतच दोष असतो. मग भर खेळात हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. खेळताना शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना सांगाच.

एरिक्सनला मैदानातच सीपीआर आणि डिफिब्रिलेटरचा शॉक मिळाला. तो वाचला. छातीत आयसीडी बसवून तो परतला आणि २०२४च्या युरोत त्यानं गोलही केला. सीपीआर नसेल, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणून तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, खेळाडू कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. घरघर म्हणजे श्वास नव्हे. ११२ला फोन लावा. छातीच्या मधोमध जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एकानं एईडी आणायला धावावं.

मुलांना अकादमीत घालताना आपण फी विचारतो. एईडी कुठे ठेवलंय, तेही विचारा.