आखाजीची जास्तीची घागर

काय चालू शे? कानात हेडफोन घालून एसटीत बसला असाल, नाहीतर शेतात पाणी भरत असाल, कुठेही असा, स्वागत. आजचा भाग थोडा घरगुती आहे. आपल्या घराण्याचा इतिहास कागदात कसा शोधायचा ते सांगणार आहे, आणि शोधता शोधता माझ्या हाती काय लागलं तेही.

सुरुवात अगदी रुक्ष कारणाने झाली. चुलत बहिणीला ॲडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, हे तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. घरात ‘कागद शोधणारा’ म्हणून माझी नेमणूक झाली, कारण काय, तर मला मोबाईल नीट चालवता येतो!

पहिला थांबा आजोबांची शाळा. आमच्या आजोबांना आम्ही आप्पा म्हणायचो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आप्पांची जन्मतारीख सापडली, १ जून १९२६. आता हसू नका. तुमच्या आजोबांचीही १ जूनच असेल. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून दाखल्यावरची तारीख खरी धरू नका. त्यातलं वडिलांचं नाव, जात आणि गाव मात्र सोन्यासारखं जपा.

दुसरा थांबा कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे त्यात लिहिलं जायचं. या जुन्या वह्या बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अडचण एवढीच की जुनी पानं मोडीत. मोडी म्हणजे हात न उचलता लिहिलेली मराठी. आपल्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, आठवतं ना? मलाही असेच एक काका भेटले. निवृत्त शिक्षक, सोबत भिंग आणि तंबाखूची डबी.

काकांनी मला आधी शब्द शिकवले. तुम्हीही लिहून ठेवा. ‘वलद’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, हे आलं की अमक्याची बायको. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्या वेळी वारस लहान होता असं समजायचं.

आप्पांच्या जन्माची नोंद मिळाली. पण त्यात नावच नाही! ‘मुलगा’, पुढे बापाचं नाव, पुढे जात. नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. बहिणीचं काम झालं. मी वही मिटणार, तेवढ्यात काका म्हणाले, “थांब भाऊ, अजून मागे जाऊ. जितकं जुनं तितकं पक्कं.”

मागे गेलो. १९१८, ऑक्टोबर महिना. पानं मृत्यूंनी भरलेली. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन नोंदी, तिथे पानामागून पान. कारणाच्या रकान्यात एकच शब्द खाली खाली लिहीत नेलेला: ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएन्झाचा महिना होता. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते, ती मुख्यतः त्यामुळे.

त्या पानांवर काकांचं बोट थांबलं. माझ्या पणजोबांचं नाव. एकदा नाही, तीनदा. एक बाई, ‘कोम’ पणजोबा, वय बावीस. चार दिवसांनी मुलगा, वय पाच. आणखी पाच दिवसांनी ‘मुलगी’, वय आठ महिने. नऊ दिवसांत तिघं.

मंडळी, आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आप्पांची आई म्हणजे पणजोबांची दुसरी बायको. पहिलीबद्दल कोणी कधी ब्र काढला नव्हता.

मग मी नाशिकला गेलो. आपल्याकडची माणसं क्रियाकर्माला नाशिक-त्र्यंबकला जात आली. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे नामावळीच्या वह्या असतात. कोण आलं, कोणासाठी आलं, सोबत कोण होतं, सगळं लिहिलेलं. गुरुजींना गाव आणि आडनाव सांगितलं. अर्ध्या तासात पान निघालं. १९१९. पणजोबा एकटेच आलेले. खाली तीन नावं. कोतवाल बुकात जी नुसती ‘मुलगी’ होती, तिलाही तिथे नाव होतं. आठ महिन्यांच्या पोरीचं नाव बापाने त्या वहीत लिहून ठेवलं होतं.

इंग्लंडच्या खेड्यांत चर्चमध्ये पॅरिश रजिस्टर असतं. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. त्यामुळे तिकडचा साधा शेतमजूरही, वह्या टिकल्या असतील तर, दहा-बारा पिढ्या मागे जाऊ शकतो. शंभर वर्षं उलटली की तिकडच्या जनगणनेतली नावंही लोकांना बघायला मिळतात. आपल्याकडे जनगणनेतली माणसांची नावं गोपनीयच राहतात. आपलं चर्चचं रजिस्टर एका कपाटात नाही, ते वाटलं गेलंय: थोडं शाळेत, थोडं तहसीलला, थोडं उपाध्यांकडे. आणि थोडं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

म्हणून शेवटी आप्पांच्या धाकट्या बहिणीकडे गेलो, धुळ्याला. आत्याआजी नव्वदीची आहे. तिला तिन्ही नावं वाचून दाखवली. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मन्हा बाप कधी बोलना नही. पण आखाजीले एक घागर जास्ती भरे.”

आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. आमच्याकडे एक लहान घागर जास्तीची भरतात. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. माझी आई भरते, कारण तिच्या सासूने भरली. शंभर वर्षं आम्ही त्या तिघांना पाणी देत होतो आणि आम्हाला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

आता तुमच्यासाठी कामाचं. पहिलं, आज रात्रीच घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. दुसरं, ‘आपले अभिलेख’ या सरकारी साईटवर धुळे आणि जळगाव दोन्ही जिल्ह्यांचे जुने स्कॅन केलेले सातबारे, फेरफार शोधता येतात. तिसरं, जिल्ह्याच्या नावात फसू नका. १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळं. नंतर पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळं. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळं झालं. चौथं, मोडी शिका. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करायचे. १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. एकदा जाऊन या. आणि पाचवं, बायकांची नावं मुद्दाम शोधा. वंशावळीत नुसते बाप आणि मुलगे येतात. मृत्यूच्या नोंदीत ‘कोम’च्या आधीचा शब्द वाचा, तिथे ती असते.

त्या तिघांची नावं मी इथे सांगत नाही. ती आधी आमच्या घरात रुजू देत. बहिणीला व्हॅलिडिटी मिळाली, ॲडमिशनही झालं. यंदा आखाजीला ती लहान घागर तिनेच भरली. आई म्हणाली, “नावं घे.” तिने मोबाईलमध्ये बघून तिन्ही घेतली. पुढच्या वर्षी न बघता घेईन म्हणते.

तुमच्या घरातही अशी एखादी रीत असेल, जिचं कारण कोणाला माहीत नाही. विचारून बघा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!