पाचव्या पिढीचे जाळे आणि आपली मुले



१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात पाचव्या पिढीची मोबाईल सेवा, फाइव्ह-जी, सुरू झाली. तिच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी भरपूर माहिती वाहतात. पण ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींइतक्या दूर जात नाहीत, भिंती-डोंगर त्यांना अडवतात. म्हणून नाशिक शहरात टॉवर जवळजवळ लागतात आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत काम अवघड होते. टॉवरला ऑप्टिकल फायबरची केबल लागते, ती जोडणारे कुशल हात लागतात. मुलांनो, आयटीआयला नाक मुरडू नका!

पालकहो, जाळे गल्लीपर्यंत आले तरी घरातला एकुलता मोबाईल बहुधा मुलाच्याच खिशात असतो. तो रोज तासभर अभ्यासासाठी लेकीच्या हाती द्या. काळजी वाटत असेल तर खुशाल शेजारी बसा.