परग्रहावरची म्हणवली जाणारी प्रेते



व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की तो बोनसवर आणि कायद्यावर बोलणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. आजचा माझा विषय त्याहून निराळा आहे. परग्रहावरून आलेल्या जीवांची म्हणून जी प्रेते जगाला दाखवली जातात, ती वास्तविक कशाची असतात, हे मी सांगणार आहे. याचा भोर-वेल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. पण तेथे पोहोचण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रॉझवेल नावाचे गाव आहे. १९४७ च्या जुलैमध्ये तेथल्या लष्करी तळाने 'उडती तबकडी सापडली' असे जाहीर केले आणि लगोलग शब्द फिरवून तो हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. पुढे १९९४ मध्ये हवाई दलाने खुलासा केला की, रशियाच्या अणुस्फोटांची चाहूल घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांच्या माळेचे ते अवशेष होते. सरकारने काहीतरी लपवले होते, हे खरे. पण मालक नफ्याचा आकडा लपवतो, एवढ्यावरून त्याच्या तळघरात सोन्याच्या विटा आहेत असे ठरत नाही. त्या जागी प्रेतेही दिसली होती, असे लोक बऱ्याच वर्षांनंतर सांगू लागले. १९५० च्या दशकात हवाई दल त्या भागात उंचावरून माणसाएवढे पुतळे टाकून छत्र्यांची परीक्षा घेत असे. त्या आठवणी यात मिसळल्या, असा निष्कर्ष १९९७ च्या अहवालात आहे.

मग १९९५ साली रे सँटिली नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने एक चित्रफीत बाहेर काढली. पांढरे कपडे घातलेली माणसे एका मोठ्या डोक्याच्या, फुगलेल्या पोटाच्या प्राण्याचे शवविच्छेदन करीत आहेत, असे तीत दिसते. देशोदेशींच्या दूरदर्शन वाहिन्यांनी ती दाखवली आणि कोट्यवधी लोकांनी पाहिली. ती पाहून शवागारात जन्म घालवलेल्या डॉक्टरांनी काय विचारले, ते ऐका. त्यांनी विचारले, हा मनुष्य कातरी अशी का धरतो? विच्छेदन करणारा अंगठा आणि मधले किंवा अनामिका बोट कड्यांत घालतो व तर्जनी पुढे टेकवतो, म्हणजे हात स्थिर राहतो. चित्रफितीतला डॉक्टर अंगठा आणि तर्जनी घालून कापड बेतल्यासारखी कातरी चालवत होता. सिनेमासाठी पुतळे बनवणाऱ्या कारागिरांना दुसरीच गोष्ट खटकली. उताणे निजलेल्या देहाचे मांस पाठीकडे ओघळते. येथे ते ओघळलेले नव्हते. म्हणजे हा साचा उभ्या माणसावरून घेतलेला असावा.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो. येथे दुर्बीण लागली नाही, की मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लेथवर हात बसलेल्या माणसाला नवख्याने हत्यार उचलताक्षणी कळते, तसेच हे झाले. २००६ मध्ये सँटिलीने स्वतःच कबूल केले की, फीत लंडनच्या एका घरात तयार केली होती. मूर्तिकार जॉन हम्फ्रीज यांनी पुतळा बनवला, आणि पोटात व डोक्यात मेंढीचे मेंदू आणि कोंबडीची आतडी भरली. मूळ फीत आपण पाहिली होती, ती खराब झाली म्हणून ही नवी केली, असे त्याचे म्हणणे. ती मूळ फीत मात्र त्याने जगापुढे आणली नाही.

पेरू देशातल्या तीन बोटांच्या 'ममीं'विषयी थोडक्यात सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरात त्या मेक्सिकोच्या संसदेत काचेच्या पेटीतून मांडण्यात आल्या. त्याच सुमारास तशाच बाहुल्या लिमाच्या विमानतळावर पकडल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी सांगितले की, त्या प्राण्यांची हाडे आजच्या कृत्रिम डिंकाने जोडून केलेल्या आहेत. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर २०१७ साली विशाखापट्टणमला बांधकामावरच्या मजुरांना तीन पांढुरकी, उंच, मोठ्या डोळ्यांची पिल्ले दिसली, आणि 'परग्रहवासी' म्हणून त्यांचे चित्र देशभर फिरले. ती गव्हाणी घुबडाची पिल्ले होती. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारा आणि उंदीर खाणारा हा पक्षी भोरच्या लोकांना अपरिचित नसावा.

आतापर्यंत हसण्यासारखे होते. आता जे सांगायचे त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण कधी कधी दाखवलेले प्रेत खरेच प्रेत असते.

चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात ला नोरिया नावाचे ओसाड गाव आहे. सोरा खणणाऱ्या मजुरांची ती वस्ती. त्या सोऱ्याच्या खाणींतल्या संपकरी मजुरांवर १९०७ मध्ये इकिके शहरात सैन्याने गोळ्या झाडल्या, म्हणून आम्हा संघटनेच्या लोकांना तो मुलूख नावाने ठाऊक असतो. ला नोरियात २००३ मध्ये चर्चजवळ सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा एक वाळलेला देह सापडला. डोके निमुळते, बरगड्या कमी. तो विकला गेला, स्पेनला पोहोचला, 'परग्रहवासी' म्हणून त्याच्यावर चित्रपट निघाला. २०१८ मध्ये त्याच्या जनुकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ती मानवाची मुलगी होती, तिचे पूर्वज त्याच मुलखातले होते, आणि काळ शतकांपूर्वीचा नव्हे, थोड्याच दशकांपूर्वीचा होता. तिची वाढ अपुरी होती की हाडांचा आजार होता, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. पण चिलीतल्या शास्त्रज्ञांनी विचारले की, कुणाच्या तरी पुरलेल्या बाळाला उकरून विकले, त्याचे काय? सापडली तेव्हा ती पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती आणि कापडाला जांभळी फीत बांधलेली होती. ती फीत कुणीतरी हाताने बांधली असणार.

आणि आता नागपूर. २०१६ च्या जून महिन्यात तेथील लता मंगेशकर रुग्णालयात एक बाळ जन्मले. कातडी जाड कवचासारखी, तिला भेगा, पापण्या उलटलेल्या म्हणून डोळे लाल गोळ्यांसारखे. दोन दिवसांत ते गेले. त्या आजाराला हार्लेक्विन इक्थिओसिस म्हणतात. एबीसीए-१२ नावाच्या जनुकात दोष असला की कातडीला लागणारी चरबी जागेवर पोहोचत नाही. इंग्लंडमध्ये १९८४ साली असाच आजार घेऊन जन्मलेली मुलगी उपचारांनी मोठी झाली. पण अशा बाळांची चित्रे 'एलियन बाळ' म्हणून फिरतात. शिरवळकडच्या कारखान्यांत पाळी सुटली की गाडीत मोबाइल हातोहात जातो, त्यातही मी ती पाहिली आहेत.

येथे आपला संबंध येतो. असे मूल कानंद खोऱ्यातल्या किंवा हिरडस मावळातल्या एखाद्या वाडीवर जन्मले, तर त्याला परग्रहवासी म्हणणारे तरुण निघतील, आणि म्हातारी माणसे विचारतील, ग्रहणात विळीवर काय चिरलेस? पहिल्याला ग्रह सापडतो, दुसऱ्याला ग्रहण. दोन्हीत दोष बाईच्या पदरात पडतो.

हार्लेक्विनचा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाच्या देण्याने आजार होत नाही. दोघेही तो दोष बाळगून असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपली रीत आहे. एकाच आजोबांचा दोष दोन्ही बाजूंनी यायला ती वाट करून देते. तेव्हा सुनेला विचारण्याआधी सासऱ्याने आपल्या सोयरिकी मोजाव्यात.

कवटीचा वरचा भाग न बनलेली, मोठे डोळे बाहेर आलेली बाळेही अशीच 'बेडकाचे', 'परक्याचे' म्हणून सांगितली जातात. मेंदू ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. ती वरच्या टोकाला मिटली नाही की असे होते. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. इंग्लंडच्या वैद्यक संशोधन परिषदेने १९९१ मध्ये दाखवून दिले की, आधी असे मूल झालेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर ते पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. इतरांसाठी रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगतात, तीही गर्भाच्या आधीपासून. म्हणून पाचव्या महिन्यात नाव नोंदवून या कामापुरता उपयोग नाही. लग्न झालेल्या मुलीने आशाताईंना आधीच विचारायला हवे, आणि तिच्या नवऱ्याने तिला तसे सांगायला हवे.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी सरकवली आहे. आपल्या गावचे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले आहेत. गोळीविषयीचे प्रश्न त्यांना विचारा. कातरीविषयीचेही विचारायला हरकत नाही.