जात नंतर, मालक आधी
जळगाव असो वा धुळे, कुत्रा चावला की लोक त्याची जात विचारतात. मी आधी मालक विचारतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. दांडग्या कुत्र्याचा चावा खोल जातो, खरे; पण साखळीला जखडलेला, दगड खाल्लेला कुठलाही कुत्रा चावू शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ मालकाचा निष्काळजीपणा पाहते: ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण मुलांना सांगतो. मग मोहल्ल्यात त्यांच्या हातात दगड का? पाळायचा तर रेबीजची लस आणि पट्टा हवाच. चावलाच तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.