उघडे न्यायालय आणि निःपक्ष न्याय



न्यायदान उघड्या न्यायालयात व्हावे, हा नियम न्यायाधीशांच्या सोयीसाठी नव्हे; सत्तेवर लोकांची नजर राहावी यासाठी आहे. बंद दाराआडच्या निवाड्यावर सामान्य माणसाने विश्वास ठेवावा तरी कसा? परंतु हाच सामान्य माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला दुसरेही भय असते. निकालापूर्वीच वृत्तपत्रांनी त्याला गुन्हेगार ठरविले तर?

मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या इतिहासात या पेचाच्या दोन्ही बाजू दिसतात. १९५९ साली नानावटी खटल्यात या पत्राने आरोपीच्या बाजूने मोहीमच उघडली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे याच पत्राच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालला. साक्ष छापली गेल्याने धंदा बुडतो, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली आणि न्या. तारकुंडे यांनी ती छापण्यास तोंडी मनाई केली. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी मनाई वैध मानली, न्या. हिदायतुल्ला एकटे विरोधात राहिले.

हेच तारकुंडे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू ठरले. म्हणजे प्रश्न व्यक्तीच्या हेतूचा नाही. सद्हेतूलाही नियमाचा लगाम हवा. २०१२ साली सहारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो काही अंशी घातला: न्यायाला खरोखर धोका असेल, दुसरा उपाय नसेल, तरच आणि थोड्या काळापुरतेच वृत्तांकन पुढे ढकलावे.

या कसोटीमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. विलंब क्षम्य, कायमचे मौन अक्षम्य. बलात्कारपीडितेची ओळख झाकणे न्याय्य आहे. धनिकाच्या धंद्याची अडचण झाकणे न्याय्य नाही. मनाईहुकूम मिळविण्यास निष्णात वकील लागतात आणि ते कोणाला परवडतात, हे सांगणे नको. उलट, देशाच्या तुरुंगांतील बहुसंख्य बंदी कच्चे कैदी आहेत. पोलिसांनी पत्रकारांपुढे उभ्या केलेल्या गरिबाची बदनामी पहिल्या पानावर येते. त्याच्या सुटकेची बातमी मात्र क्वचितच छापली जाते.

म्हणून मनाईचा हुकूम लेखी, सकारण आणि मुदतीचा असावा. वृत्तपत्रांनाही आपले म्हणणे मांडता यावे. आणि ज्या पत्राने आरोप छापला, त्याने निर्दोषत्वाचा निकालही तितक्याच ठळकपणे छापावा. दार उघडे हवे, ते निकाल ऐकण्यासाठी. निकाल लावण्यासाठी नव्हे.