‘पुढे जायचं का?’ असं विचारणारी चौकट

सोमवारची सकाळ, रॅफल्स प्लेसमधलं ऑफिस, आउटलुक उघडलं आणि मेलच्या आधी चौकट हजर: सिक्युरिटी अलर्ट. पुढे जायचं का? येस की नो? बरेच जण न वाचताच ‘येस’ दाबतात, कारण कोपी गार होत असते.

पण विचार करा, ऑफिसच्या मेलमध्ये आपलं काय काय असतं. पगाराची स्लिप, एम्प्लॉयमेंट पासचे कागद, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, मुलांचे जन्मदाखले. एचआरने मागितलं की आपण सगळं मेलनेच पाठवतो.

सर्टिफिकेट म्हणजे मेल सर्व्हरचं ओळखपत्र. चौकटीत तीन ओळी असतात: ते कुणी दिलं, मुदत आहे का, आणि नाव जुळतं का. खूण ज्या ओळीपुढे चुकीची, दुखणं तिथे.

मुदतीची ओळ बिघडली, तर आधी स्वतःच्या लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या मशीनमधला छोटा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख बरोबर आहे आणि शेजारच्यालाही तीच चौकट दिसतेय? मग सर्टिफिकेटच संपलंय, आणि ते आयटीचं काम. मोठ्यांचंही होतं हे. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, कारण एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. तंत्रापेक्षा हा कारभाराचा प्रश्न आहे. नूतनीकरण कुणाच्या नावावर आहे हेच ठरलेलं नसतं. आणि मार्च २०२९ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर यायची आहे, तेव्हा वहीत तारीख लिहून भागणार नाही.

नाव जुळत नसेल, तर बहुधा कंपनीने मेल क्लाउडवर हलवलेला असतो आणि आउटलुक अजून जुन्याच पत्त्यावर दार वाजवत असतं. त्रासदायक, पण सहसा निरुपद्रवी. तरी खात्री आयटीनेच करायची.

खरी काळजी पहिल्या ओळीची. ‘देणारा ओळखीचा नाही’ असं हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर दिसलं, तर ‘नो’ दाबा आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा उघडा. चौकट गेली, तर गडबड त्या वायफायकडे आहे. कधी ते नुसतं लॉगिनचं पान असतं, कधी मध्ये कुणीतरी बसलेलं असतं. आपल्याला बाहेरून फरक कळत नाही. ‘येस’ आधीच दाबला गेला असेल, तर त्याच दिवशी पासवर्ड बदला आणि आयटीला कळवा.

आणखी एक. सहकारी प्रेमाने सांगतो, ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट कर, परत विचारणार नाही.’ बरोबर आहे, परत विचारणार नाही! म्हणूनच आयटीने सांगितल्याशिवाय ते करायचं नाही. देणाऱ्यावरचा विश्वास किती महागात पडू शकतो हे आपण भारतात पाहिलंय: जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. विंडोजचा त्या साखळीवर विश्वास होता, त्यामुळे अशा वेळी चौकट येईलच असं नव्हतं.

आयटीला फोन करताना ‘मेल चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ दाबा, त्यातलं नाव, देणारा आणि तारीख यांचा फोटो काढा, कोणत्या वायफायवर होतात ते लिहा, आणि पाठवा. मेलने नव्हे, फोनवरून.