भूल देताना एकच औषध सगळ्यांना का चालत नाही?

आजचा विषय आहे भूल. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ एवढे प्रश्न का विचारतात, ते आज बघूया. कारण आपण तिथेच खोटं बोलतो.

शिरेतून द्यायचं सगळ्यात नेहमीचं औषध म्हणजे प्रोपोफॉल. दिसतं अगदी दुधासारखं, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही. सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून ते तयार करतात. टोचताना हात जळजळतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो. एका डोसचा अंमल पाच-दहा मिनिटांत उतरतो, कारण औषध मेंदूतून निघून स्नायूंकडे पसरतं. म्हणून लांबलचक ऑपरेशनला पंपाने ते चालू ठेवतात, नाहीतर गॅस देतात.

पण प्रोपोफॉलने बीपी पडतं, श्वासही थांबू शकतो. 2009 मध्ये मायकल जॅक्सन गेला तो याच औषधाने, घरी, झोप यावी म्हणून घेतलेल्या.

आता समजा, अपघातात खूप रक्त गेलंय, बीपी आधीच खाली आहे. तिथे केटामाइन कामाला येतं. बीपी बहुधा टिकतं, श्वास बऱ्यापैकी चालू राहतो, वेदनाही थांबतात. मात्र शुद्धीवर येताना भास होऊ शकतात. हृदय कमजोर असेल तर इटोमिडेट: बीपी फारसं हलत नाही, पण कॉर्टिसॉल बनणं काही तास दबतं, म्हणून ते सतत चालू ठेवत नाहीत. आणि 1934 पासूनचं जुनं थायोपेंटोन, जे न थांबणाऱ्या फिट्सवरही वापरतात.

थोडक्यात, औषध आणि डोस तुमच्या शरीराकडे बघून ठरतो. मग माहितीच चुकीची दिली तर?

दारू, गांजा, तंबाखू, दमा, बीपीच्या गोळ्या, आधीच्या भुलेचा त्रास, सगळं सांगा. आई-बाबा शेजारी उभे असतील तर सरळ म्हणा, 'डॉक्टर, जरा एकट्याशी बोलायचंय.' आणि उपाशी म्हणजे उपाशी! साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत बरं का! पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल, तर तीच पाळायची.

कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!